राणीच्या तळ्यातली पांढरी मगर

नद्यांना अजून नावंही पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका मोठ्या नदीच्या काठी मगरीची पिल्लं वाळूतून बाहेर आली. सगळी चिखलाच्या रंगाची. एकच पिल्लू तेवढं दुधासारखं पांढरं होतं, आणि त्याचे डोळे निळे होते.

बाकीची पिल्लं चिखलात दिसेनाशी होत. पांढरं पिल्लू मात्र घारीला आभाळातूनही दिसे. उन्हाने त्याची कातडी भाजून निघे. आई त्याला सारखी जबड्यात उचलून झाडाच्या मुळांखाली नेऊन ठेवी.

एकदा त्या राज्याची राणी नदीकाठी आली असताना घारीने त्या पिल्लावर झडप घातली. राणीने घारीला हाकललं आणि रक्ताळलेलं पिल्लू पदरात घेतलं.

आई पाण्यातून म्हणाली, "न्या तिला, राणीसाहेब. माझ्यापाशी ती जगायची नाही."

राणीला मूलबाळ नव्हतं. तिने पिल्लाचं नाव धवला ठेवलं. महालामागे तळं खोदवलं, त्यावर वेलींचा मांडव घातला. रोज ती स्वतःच्या हाताने मासे भरवी. धवला वाढली, माणसापेक्षा लांब झाली. राणीने हाक मारली की ती येई आणि पायरीवर हनुवटी टेकवी.

पण थंडी सरू लागली की दूर नदीवर नर मगरी हुंकार देत. धवला मान वर करून ऐके. मग तीही हुंकार देई. भिंतीपलीकडून उत्तर येत नसे.

एका उन्हाळ्यात तिने काठाच्या वाळूत अंडी घातली. खाणं सोडून ती तिथेच बसून राहिली. मगरीची पिल्लं अंड्यातूनच आईला साद घालतात, मग आई वाळू उकरते. धवला त्या सादेची वाट बघत होती. आंबे पिकले, आंबे संपले. वाळू गप्पच.

राणी तिच्याजवळ येऊन बसली. "ऊठ ना पोरी. नराशिवाय अंड्यात जीव कसा धरेल?"

"ठाऊक आहे मला, राणीसाहेब."

"मग का बसली आहेस?"

"दुसऱ्या कुणाची वाट बघू? इथे माझ्या जातीचं कुणीच नाही."

"मी आहे ना!"

"आहात. तुम्ही मला जगवलंत. पण नदीवरचा हुंकार ऐकला की मी या पाण्यात मावत नाही."

"तिथे ऊन तुला जाळेल!" राणी रागाने म्हणाली.

"जाळेल," धवला म्हणाली.

राणी उठून गेली. काही दिवस ती तळ्याकडे फिरकलीच नाही. मग न राहवून आली, तर धवलाने वाळू उकरलेली. जबड्यात एक अंडं अगदी हलकेच धरून ती ते जिभेवर फिरवत होती, आतल्या पिल्लाला बाहेर यायला मदत करावी तसं. अंडं फुटलं. आत नुसतं पाणी होतं. धवलाने दुसरं उचललं.

राणीला ते बघवेना. तिने दवंडी पिटवली, की नदीच्या वळणावरची झाडं कुणी तोडू नयेत, तिथे कुणी जाळं टाकू नये. आणि त्या सावलीत नेऊन तिने धवलाला सोडलं. एवढ्या मोठ्या झालेल्या धवलाला आता घारीचं भय उरलं नव्हतं. धवला पाण्यात शिरली, ती वळून न बघताच.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर राणी पुन्हा काठावर गेली. पलीकडे सावलीत धवला होती. तिची पाठ उन्हाने जागोजागी सोलली होती. डोक्यावर, मानेवर पिल्लांची गर्दी होती, सगळी चिखलाच्या रंगाची. राणीने हाक मारली. धवलाने मान वळवून पाहिलं, पण ती आली नाही.

राणी पुष्कळ वेळ तिथे उभी राहिली. मग रिकाम्या तळ्याच्या महालाकडे परतली.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ज्याचा जीव आपण वाचवला, त्याला त्याच्या गोतात जाऊ देण्याइतकी माया आपल्यापाशी असावी.