न्यूट्रॉनचे जास्तीचे वजन

देवाने सृष्टी नुकतीच मांडली होती. एका अणूच्या केंद्रात न्यूट्रॉन आणि प्रोटॉन हे भाऊ राहत. थोरला न्यूट्रॉन किंचित जड होता. पण आतल्या दाटीत दोघांचेही वजन थोडे कमी भरे, आणि हे त्याला सलत असे.

“बाहेर माझे वजन पुरते भरेल,” तो म्हणाला.

“दादा, तिथे ते बघायला आहे कोण?” धाकट्याने विचारले.

तरीही न्यूट्रॉन गेला. बाहेर वजन पुरते भरले, आणि त्या एकांतात, त्या जास्तीच्या वजनापायीच, तो फुटला. ते वजन बारीक कण होऊन उडून गेले, आणि त्याचा उरला नुसता प्रोटॉन.

तो घराकडे वळला. परंतु प्रोटॉनने प्रोटॉनला दूर लोटावे, असा देवाचा नियम आहे. धाकटा आतून “दादा, ये ना” म्हणत राहिला, आणि दादा दूर दूर जात राहिला.