खांद्यावरचे दोन तारे

“रंगवलेत, बाई! खांद्यावरचे दोन्ही तारे रंगवलेत. कुणाला बनवता?”

भालू एवढा तणतणला, तरी द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. देवळाली कॅम्पात चाळीस वर्षं त्या फोटोंच्या काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, सुधारत आल्या होत्या. पेन्सिल आणि पातं, एवढीच हत्यारं. भालू त्यांचा शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही न विसरणारा.

मध्ये टेबलावर लेफ्टनंट घोसाळकरचा फोटो. बाविशीचा पोरगा. बासष्टच्या लढाईवर निघायच्या आदल्या दिवशी इथंच, या स्टुडिओत, फोटोला बसला होता. गेला तो परत आलाच नाही.

उद्या हा फोटो त्याच्या शाळेत लागायचा होता. पडदा सारायला त्याची म्हातारी आई येणार होती. आणि ‘फोटो बनावट आहे, लावू नये’ असं भालूनं शाळेला लिहिलेलं पत्र त्याच्या खिशात होतं.

“उजेड डावीकडच्या खिडकीचा. नाकाची सावली बघा. मग तारे उजवीकडून कसे चमकतात? ऑफिसर नव्हताच हा! असेल कुणी शिपाईगडी... नाहीतर तोही नसेल. गणवेश काय, भाड्यानं मिळतो.”

“आणि डोळे?”

“डोळे अस्सल. ते मी मानतो. असली करारी नजर कुणाच्या बापाला रंगवता येणार नाही.”

बाई हसल्या की खोकल्या, त्याला कळलं नाही. त्याचाही त्याला संशय आला.

त्या उठल्या. पत्र्याच्या पेटीतून त्या फोटोची मूळ काच काढली.

“डोळे मीट. बोट दे.”

काहीतरी डाव आहे, भालूला वाटलं. तरी बोट दिलं.

बाईंनी ते एका खांद्यावर टेकवलं. गुळगुळीत. दुसऱ्या खांद्यावर. तोही गुळगुळीत. पेन्सिल नाही, पातं नाही.

मग बोट वर सरकलं. हनुवटी... गाल...

डोळ्याखाली अडलं. खरखरीत.

फोटोतली चकाकी काढायची तर काचेवर पातं चालवायचं, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

त्यानं डोळे उघडले.

“मग... तो उजवीकडचा उजेड?”

“आरशाचा. मीच धरला होता. म्हणाला, ताई, जरा धरा, ऑफिसरासारखं तोंड जमतंय का बघतो. तीनदा बघितलं त्यानं. तिन्ही वेळा डोळे भरून आले.”

...

भालूचा हात खिशातल्या पत्राकडे गेला.

“म्हणजे बनावटच की, बाई! तारे नाहीत तर डोळे. शाळेला काय सांगू आता? भेकड होता म्हणून?”

बाईंनी काच पदरानं पुसली. पेटीत ठेवली.

“डोळे मी कोरडे केले, भालू. तो ओल्या डोळ्यांनीच गेला... पण गेला.”