केळीला टाके घालणारा राजा

रणधीरराजांना केळीची फाटकी पानं खपेनात. राजकन्येचं लग्न ठरलं होतं, व्याही बागेच्या रस्त्यानं येणार होते, आणि बागेत जिकडेतिकडे चिंध्या लोंबत होत्या.

"व्याही काय म्हणतील? या राजाच्या घरी केळीलासुद्धा धड वस्त्र नाही!"

"अगदी बरोबर, महाराज," दिवाण म्हणाले. दिवाणांचं हे वाक्य सकाळपासून तयारच असायचं.

दरबारी शिंपी बागेत आला. शिडीवर चढून त्यानं रेशमी दोऱ्यानं एकेक पान शिवलं. शिवण सुबक होती, उगाच कशाला नावं ठेवा. कोपऱ्यातल्या केळी तेवढ्या राहिल्या, कारण रेशीम संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. शिवलेल्या केळी घडासकट आडव्या झाल्या. कोपऱ्यातल्या फाटक्या मात्र फडफडत उभ्या.

"केरबा माळ्यानं मुळांजवळची माती भुसभुशीत ठेवली," दिवाण म्हणाले.

"मग केरबानं उद्याच्या उद्या बागेतली खोली सोडावी," राजे म्हणाले. "नाहीतर फाटकं पान शहाणं आणि शिवलेलं वेडं कसं, ते मला पटवून द्यावं."

केरबा घरी येऊन भांडी बांधायला लागला. त्याची लेक सगुणा म्हणाली, "बाबा, तवा राहू द्या बाहेर. उद्या संध्याकाळी भाकरी इथंच करायची आहे."

सकाळी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, एक मोठी चादर द्या आणि बागेमागच्या माळावर चला. दिवाणसाहेबांची केळ करायचीय."

माळावर वारा भणाणत होता. दिवाणांनी चादरीची खालची टोकं पायांखाली दाबली, वरची दोन्ही हातांनी ताणून धरली आणि पाठीवर पडले.

"दिवाण म्हातारे झाले," राजे म्हणाले. "इकडे आणा."

राजांनी पाय रोवले, दात आवळले. वाऱ्यानं चादर फुगवली आणि राजे थेट शेणाच्या ढिगावर जाऊन बसले. सगळा दरबार एकदम आभाळाकडे बघायला लागला.

"पोरी, तू राजाला पाडलंस."

"मी कुठं, महाराज? चादर सोडली असती तर तुम्ही उभेच असता. पण तुम्ही धरलेलं सोडत नाही, हे साऱ्या मुलखाला माहीत आहे."

दिवाण खोकले. सगुणानं कनवटीची कात्री काढली, चादरीला वरून खाली चिरे पाडले, कडा तेवढ्या राखल्या. "आता धरा."

राजांनी धरली. पट्ट्या फडफडल्या, वारा मधून निघून गेला. राजे जागच्या जागी उभे.

"आंब्याच्या खोडात लाकूड आहे महाराज, तो वाऱ्याशी भांडतो," सगुणा म्हणाली. "केळीत लाकूड कुठंय? नुसती सोपटं, एकावर एक गुंडाळलेली. त्यावर एवढं लांबरुंद पान, कारण ऊन भरपूर खायचं असतं. असं पान अख्खं राहिलं की वारा झाडालाच ओढून नेतो. म्हणून ते दोन शिरांच्या मधून फाटतं. शिरा शाबूत राहतात, रस पोचतो, प्रत्येक पट्टी आपलं काम करत राहते. तुमच्या शिंप्यानं वाऱ्याची वाट शिवून टाकली आणि सुईनं शिरा भोसकल्या त्या वेगळ्याच."

"मी हेच म्हणत होतो, महाराज," दिवाण अंगावरची माती झटकत म्हणाले.

राजे सगुणाकडे वळले. "आणि व्याही हसले तर?"

"फाटक्या केळीला घड टिकलाय, तो पिकवून त्यांच्या ताटात वाढा. तोंड भरलं की हसायला जागा राहत नाही."

राजे हसले. शेणानं माखलेला राजा हसतोय म्हटल्यावर दरबारालाही हसायची परवानगी मिळाली. केरबाची खोली कायमची केरबाची झाली, सगुणाला विहिरीलगतचं वावर मिळालं, आणि शिंप्याला बागेची वाट बंद.

"ही चिरलेली चादर दिवाणसाहेबांना देऊन टाका," राजे म्हणाले. "वाऱ्यात उपयोगी पडेल."

"त्यांना कशाला, महाराज?" सगुणा म्हणाली. "वारा यायच्या आधीच ते वळलेले असतात."

राजे इतके हसले, की पुन्हा त्याच ढिगावर बसले. या वेळी आपणहून.