पाचव्याची बोटं

होड्या माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. धरणावर वऱ्हाडं नेणारी थोरली नाव आणि सहलीची चौघांपुरती हंसहोडी शेजारी राहत. "तू कसली होडी? खेळणं तू!" नाव हिणवायची.

एकदा भर पाण्यात जलदेवीची ओटी भरायला अख्खं वऱ्हाड एकाच बाजूला लोटलं. नाव उलटली. "धाव गं, माझी माणसं बुडताहेत!" ती ओरडली.

हंसहोडी धावली. चौघे आत चढले. पाचव्याने काठ धरला, तशी ती कलली. "चढू नकोस बाबा, नुसता धरून राहा. मी नेते तुला." पण आतल्या चौघांनी घाबरून त्याची बोटं एकेक करून सोडवली.

किनाऱ्यावर लोकांनी हंसहोडीच्या गळ्यात हार घातला. तो लोंबत काठावरच्या नखांच्या ओरखड्यांना टेकला.

"काढा तो," ती म्हणाली. होडीचं माणसांशी ते शेवटचं बोलणं.