जगबुडीच्या दिवसाची पेरणी

एका राज्यात जग बुडण्याचा दिवस दरवर्षी ठरत असे. ठरत असे आणि टळतही असे. अकरा वेळा टळला, तरी बाराव्या वर्षी लोक तितक्याच हौसेने विचारायला गेले. त्या लोकांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

राजवाड्याच्या सज्ज्यात एक बोलका धनेश पक्षी राहत असे. हस्ताचा पाऊस ओसरला की प्रजा त्याच्यापुढे जमे आणि पुसे, "कधी?" पक्षी चोच वाजवून दिवस सांगे. मग विकटभट नावाचा जादूगार दवंडी पिटवी, की घरोघरचं बियाणं बाहेर काढा, आता पेरायचं कुणासाठी? आदल्या दिवशी अखेरची पंगत बसे. बियाण्याच्या ज्वारीच्या भाकऱ्या होत, वैरी वैऱ्याला आग्रह करकरून वाढी, सासवा-सुना गळ्यात गळा घालून रडत. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळे, काहीच बुडत नसे, आणि उरलेलं वर्ष लोक कंदमुळं खाऊन काढीत. तरी दरसाल शिवारात इथे तिथे चार ओळी ज्वारी उगवलेली दिसे. ती कुणी पेरली, हे कुणी कुणाला विचारत नसे.

बाराव्या वर्षी खेलोजी नावाच्या शेतकऱ्याने भर पंगतीत सांगितलं, की माझं बियाणं मी देणार नाही, उद्या पेरणार. विकटभटाचा मंत्र असा होता, की असं जो तोंडाने बोलेल तो दगड होईल. खेलोजी बोलला आणि दगड झाला. त्याचं बियाणं चुलीवर गेलं, आणि इतरांना धाक बसावा म्हणून दगड त्याच्याच शेताच्या बांधावर उभा केला. विकटभट त्याची बायको राही हिला म्हणाला, "उद्या सूर्य मावळताच याची वाळू होईल." जगाचं काय व्हायचं ते होवो, राहीचं जग मात्र उद्या खरोखर बुडणार होतं.

उजाडताच ती धनेशापुढे उभी राहिली. रडली नाही, तिला त्या पक्ष्याचाही संशय होता.

"माझा धनी कसा सुटेल?"

"तीन कामं कर," धनेश म्हणाला. "जगबुडीला खरोखर घाबरलेला एक माणूस दाखव. विकटभटाच्या पेटीत काय आहे ते पाहून ये. आणि सूर्य मावळायच्या आत तुझ्या धन्याच्या शेतात पायलीभर ज्वारी पेर."

पहिलं काम राहीला सोपं वाटलं. ती पुरोहिताकडे गेली, तर तो माघातल्या लग्नाचा मुहूर्त काढत बसलेला. राजा मणिकेतू वाड्याला नवा चुना लावून घेत होता. म्हातारी कुंभारीण सोनाई पुढच्या भट्टीसाठी शेणी थापत होती. तोंडाने सगळे हाय हाय करत होते आणि हात उद्याच्या कामात गुंतले होते. राहीच्या मनात पाल चुकचुकली. परत येऊन ती म्हणाली, की सबंध राज्यात खरी घाबरलेली मी एकटीच आहे. धनेशाने मान हलवली. पहिलं काम झालं.

विकटभटाच्या गुहेत तांब्याची पेटी होती आणि पेटीवर दोन तोंडांचा नाग. पेटीत प्रलय कोंडला आहे, असं सगळे म्हणत. राहीने नागाच्या एका तोंडाला हळूच विचारलं, की तू झोपतोस तेव्हा हे दुसरं तोंड कुणाशी बोलत असतं? तेवढं पुरलं. दोन्ही तोंडं एकमेकांवर डोळे रोखून बसली ती बसलीच. राहीने झाकण उचललं. आत ना आग होती ना पाणी. आत नुसते आवाज होते आणि ते "कधी? कधी?" असं विचारत होते. राजाचा आवाज होता, पुरोहिताचा होता, सोनाईचा होता. तळाशी राहीचा स्वतःचाही होता, आणि त्यात भीतीपेक्षा हौसच जास्त होती. तिला स्वतःची लाज वाटली.

दिवस कलला. राही बियाण्यासाठी दारोदार हिंडली. सगळ्यांचं उत्तर एकच, की पंगतीत संपलं. सांगताना प्रत्येकाची नजर घराच्या एखाद्या कोपऱ्याकडे जाई. असा कोपरा राहीच्याही घरात होता. शेवटी ती चावडीपुढे उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या चुलीमागे मूठभर ज्वारी आहे. धन्यालाही न सांगता मी लपवली. ती मी आज पेरणार."

तिचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले, मग गुडघ्यापर्यंत. आधी कोण तोंड उघडतं म्हणून लोक एकमेकांकडे चोरून बघत होते. दगड मांड्यांपर्यंत चढला, तेव्हा सोनाई खाकरली.

"माझ्या रांजणाखाली हाय गं मूठभर. मीबी पेरीन."

सोनाईचे पाय जड झाले आणि राहीच्या मांड्या सुटल्या. मंत्र एका माणसापुरता होता, दोघींत वाटला गेला तसा पातळ झाला. मग पुरोहित बोलला, सोनार बोलला, आणि राजाने मुकुटाच्या अस्तरातून आपली मूठ काढली. शंभर जणांत वाटलेला मंत्र कुणाचं नखही धरू शकला नाही.

सगळे शेतावर धावले. ज्वारी मापात ओतली, तर पायलीला एक मूठ कमी. सूर्य टेकडीला टेकला होता आणि खेलोजीच्या बोटांतून वाळू गळू लागली होती. बांधावर विकटभट उभा होता. उशीर झाला, असं तो म्हणाला. राहीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. या दिवशी या राज्यात रिकाम्या हाताचा माणूस असेल, यावर तिचा आता विश्वास नव्हता.

"तुमचीही काढा."

विकटभटाने मावळत्या सूर्याकडे पाहिलं. मग त्याने कमरेची थैली सोडली आणि मूठभर ज्वारी तिच्या पदरात घातली.

"कुणी सांगावं," तो पुटपुटला, "उद्या उजाडलं तर?"

शेवटचा दाणा मातीआड झाला आणि सूर्य मावळला. खेलोजीने डोळे उघडले, शेत पाहिलं आणि म्हणाला, "ओळी वाकड्या गेल्यात." इतका वेळ न रडलेली राही तेव्हा ओक्साबोक्शी रडली.

शाप सुटला. राजाने अखेरच्या पंगतीची चाल मोडून टाकली, विकटभटाला शेतावर राखणीला ठेवलं आणि राज्य सुरळीत झालं. बियाणं कुठून आणलंस, असं खेलोजीने घरी विचारलं, तेव्हा राहीने चुलीमागचा कोपरा दाखवला. तुमच्यापासूनही लपवलं होतं, असं म्हणाली. खेलोजीने वाकून त्या कोपऱ्यात हात फिरवला.

"आता पुढलं कुठे ठेवशील?" त्याने विचारलं.

"फळीवर. तुम्हाला दिसेल असं."

त्यांची कणगी भरली तशी ऐकणाऱ्यांची भरो. आणि सांगणाऱ्यावर थोडा संशय ठेवलात, तरी माझी हरकत नाही.