फुगीची लाल चकती

तळ्याकाठी राहायची फुगी बेडकी. तिच्याकडे होती एक लाल चकती. जुनी. एका कडेला कुरतडलेली. एक नवी निळीही होती, पण ती नुसती पडून.

तळ्याकाठी होता एक खांब. खांबाला साखळ्या. खाली टोपली. लांबून चकती फेकायची. साखळ्यांना लागली, की खळ्ळ खण. टोपलीत पडली, की जिंकलो.

आज सगळ्यांच्या चकत्या पडल्या टोपलीत. उरली एकटी फुगी. तिने फेकली लाल चकती. भिर्र्र... आणि चकती अडकली चिंचेच्या शेंड्यावर.

टुणुक टुणुक. फुगी गेली वानरकाकांकडे.
"वानरकाका, चढा ना. चकती निघेना."
"नवी घे की."
"नवी माझं ऐकत नाही."
"मग थांब. माझ्या टोपीवर म्हैस बसलीय. म्हैस उठली, की टोपी घालीन. टोपी घातली, की चढेन."
"दुसरी टोपी घाला."
"छे. दुसरीत माझे कान दुमडतात."

टुणुक टुणुक. फुगी गेली म्हैसमावशीकडे.
"म्हैसमावशी, ऊठ ना. वानर चढेना, चकती निघेना."
"नवी घे की."
"नवी माझं ऐकत नाही."
"मग थांब. माझा बगळा पाठीवर बसला, की उठेन."
"साळुंकी बसव."
"छे. साळुंकी गुदगुल्या करते."

टुणुक टुणुक. फुगी गेली बगळेमामांकडे.
"बगळेमामा, या ना. म्हैस उठेना, वानर चढेना, चकती निघेना."
"नवी घे की."
"नवी माझं ऐकत नाही."
"मग थांब. माझ्या दगडावर कासव बसलंय. ते हटलं, की तिथून मासा धरीन. मासा खाल्ला, की येईन."
"दुसऱ्या दगडावरून धरा."
"छे. दुसऱ्यावर माझा पाय झोपतो."

टुणुक टुणुक. फुगी गेली कासवआजोबांकडे.
"कासवआजोबा, हटा ना. बगळा येईना, म्हैस उठेना, वानर चढेना, चकती निघेना."
"नवी घे की."
"नवी माझं ऐकत नाही."
"मग थांब. माझं ऊन खाऊन झालं, की हटेन."
"कधी होईल?"
"पावसाळ्यात."

फुगीचे गाल फुगले. डराँव!
"मला सगळे म्हणता, नवी घे. आणि तुम्ही? तीच टोपी. तोच बगळा. तोच दगड."
आजोबांनी मान आत घेतली.
"शेजारी दुसरा दगड आहे. एकदा बसून बघा. नाही आवडला, तर परत या."
मान हळूच बाहेर आली. "एकदाच हं."
सरप सरप. आजोबा गेले दुसऱ्या दगडावर.
"अगं, इथे तर पोटही शेकतं."

कासव हटलं, बगळ्याने मासा धरला. गट्टम.
बगळा आला, म्हैस उठली.
म्हैस उठली, टोपी निघाली. पापडासारखी चपटी.
टोपी घातली, वानर चढला.
वानर चढला, चकती निघाली.

फुगीने लाल चकती घट्ट धरली. एक डोळा मिटला. फेकली.
भिर्र्र... खळ्ळ खण. टोपलीत.

आजोबा म्हणाले, "फुगे, आता नवी फेकून बघ. एकदाच."
हे तर फुगीचंच बोलणं. तिने नवी निळी चकती घेतली. फेकली.
भिर्र्र... गेली चिंचेच्या शेंड्यावर.

वानरकाकांनी टोपी दोन्ही हातांनी धरली.
"नवी माझं ऐकत नाही," फुगी म्हणाली. "उद्या तिला परत सांगून बघते."
आणि लाल चकती काखेत मारून ती निघाली घरी.
टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.