धक्का धुणारा राजा

एका राज्यात तळ्याकाठी राजवाडा होता, आणि वाड्याच्या पायथ्याशी होड्या लावायचा सागवानी धक्का होता. दरवर्षी नौकोत्सवाआधी मेघांक राजा तो चुन्याच्या पाण्याने धुऊन घेई, वर तेलाचा हात फिरवून घेई. सारी घाण खाली पाण्यात जाई. धक्का झळके, राजा मिशीवर ताव देई. मासे मरत, त्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते.

एका वर्षी तळ्यातला मांत्रिक कोपला. त्याने कुवलया राणीची मासोळी केली. राजा धावत धक्क्यावर आला. खाली असंख्य मासोळ्या, साऱ्या सारख्या.

खांबावर खंड्या पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजा, तीन कामे स्वहस्ते कर. शेवाळ काढ, लाकूड घास, तेल दे. पाण्यात काही पडले, तर राणी गेली."

"पण यातली राणी कोणती?"

"ठाऊक नाही. म्हणून तर मीही उपाशी आहे."

राजा पुरता गोंधळला. चुन्यावाचून धुवायचे कसे? अखेर त्याने धक्क्याखाली शीड ताणले आणि काथ्याने, साध्या पाण्याने फळ्या घासल्या. शेवाळ शिडात साठले. मग दगडाने लाकूड गुळगुळीत केले, भुसा ओल्या फडक्याने टिपला. तेलाशी मात्र घोडे अडले. तेल शिडातूनही पाझरणार. फळ्या उचकटाव्यात, तर त्या पूर्वजांनी मंत्रून बसवलेल्या. त्या हलल्या की राज्य बुडते, असे त्याला लहानपणापासून पढवलेले. खालची कोणतीही मासोळी कुवलया असू शकत होती. त्याने पहार उचलली.

दूर माळावर नेऊन त्याने फळ्यांना तेल दिले. बोटाला तेल लागेनासे होईपर्यंत त्या उन्हात वाळवल्या, आणि परत आणून बसवल्या.

कामे झाली. राणी आली नाही.

"काय चुकले?" राजाने विचारले.

हातांना तेलाचा चिकटा तसाच होता. सवयीने तो हात धुवायला तळ्याशी वाकला, बोटे पाण्याला टेकणार, इतक्यात थबकला. त्याने हात मागे घेतले आणि आपल्या भरजरी शेल्याला पुसले.

पाणी दुभंगले. ओलेती कुवलया धक्क्यावर उभी राहिली.

"महाराज, शेला खराब झाला," ती म्हणाली.

"होऊ दे," राजा म्हणाला, आणि तिथेच ढसाढसा रडू लागला.

पुढे दर नौकोत्सवाआधी फळ्या माळावर जाऊ लागल्या. राज्य बुडाले नाही. रयत सुखी झाली, तळ्यातलीसुद्धा.